बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे बाळाच्या जन्मानंतर बाळंतीण आणि तान्हे बाळ यांच्यासाठी जमविला जाणारा किंवा आप्तेष्टांकडून भेट दिला जाणारा कपडे, अंथरूण-पांघरूण व इतर उपयोगी वस्तूंचा संच होय. महाराष्ट्रात हा संच प्रामुख्याने बाळंतिणीच्या माहेरकडून, तसेच बारशाच्या वेळी नातेवाइकांकडून दिला जातो. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची, गोधडी आणि पाळणा या त्यातील परंपरागत वस्तू आहेत. अलीकडच्या काळात त्यांत कठड्याचा पलंग, बाबागाडी, मोटारीतील बालआसन, डायपर, दूध पाजण्याच्या बाटल्या अशा अनेक वस्तूंची भर पडली आहे. बाजारात उपलब्ध असलेल्या वस्तूंपैकी कोणत्या खरोखर आवश्यक आहेत, कोणत्या केवळ सोयीच्या आहेत आणि कोणत्या अपायकारक ठरू शकतात, हा नव्या पालकांपुढील महत्त्वाचा प्रश्न असतो.

व्युत्पत्ती व अर्थ

हा शब्द ‘बाळंत’ आणि ‘विडा’ या दोन शब्दांपासून झाला आहे. मंगलप्रसंगी नागवेलीच्या पानांचा विडा देणे हा आदराचा व शुभेच्छेचा संकेत मानला जातो. बाळंतिणीला विड्यासोबत द्यावयाच्या वस्तूंनाही तेच नाव मिळाले, असा या शब्दाचा अर्थविस्तार दिसतो. बाळंतकाढा, बाळंतशोपा हे शब्दही याच कुळातील असून ते मुख्यत्वे मातेच्या आहार-औषधाशी संबंधित आहेत. बाळाला दिल्या जाणाऱ्या दागिन्यांना ‘बाळलेणे’ असे स्वतंत्र नाव आहे.

पारंपरिक स्वरूप

परंपरागत बाळंतविड्यातील बहुतेक वस्तू सुती कापडाच्या व घरी शिवलेल्या असत. त्यांतील प्रमुख वस्तू पुढीलप्रमाणे होत.

- झबले: बंदांनी बांधावयाचा सैल सदरा. यास गुंड्या नसल्याने त्या तुटून बाळाच्या तोंडात जाण्याचा संभव नसतो.
- टोपडे: हनुवटीखाली बंद बांधावयाची टोपी.
- कुंची: डोके झाकून पाठीवर खाली लोंबणारे वस्त्र. बारशासाठी ती जरीच्या किंवा रेशमी कापडाची शिवतात. अनेक घरांत एकच कुंची पुढच्या पिढीपर्यंत जपली जाते.
- दुपटे: बाळाला गुंडाळण्यासाठी किंवा अंथरण्यासाठी वापरावयाचे दुहेरी कापड.
- लंगोट व बाळोती: मलमूत्र शोषून घेण्यासाठी वापरली जाणारी कापडे. ही बहुधा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराची किंवा लुगड्याची असत.
- गोधडी: जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण.
- पाळणा: टांगता लाकडी पाळणा, तो नसल्यास तुळईला साडी बांधून केलेली झोळी. पाळण्यावर रंगीत चिमण्यांचे चिमणाळे टांगतात. लाकडी रंगीत खेळण्यांसाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी प्रसिद्ध आहे.
- बोंडले: तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजण्याचे चोच असलेले लहान भांडे.
- पांगुळगाडा: उभे राहू लागलेल्या मुलाने ढकलत चालावयाची तीनचाकी लाकडी गाडी.

बाळाच्या जन्मापूर्वी नवी खरेदी करू नये आणि रिकामा पाळणा हलवू नये, असे संकेत अनेक कुटुंबांत पाळले जातात. काही घरांत बाळाला पहिले कपडे नात्यातील दुसऱ्या निरोगी मुलाचे, वापरून मऊ झालेले घालतात. या प्रथांमुळे आरंभीचा बाळंतविडा आपोआपच आटोपशीर राहत असे. मात्र प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यापासून धुतलेले कपडे, टोपडे, दुपटी व लंगोट यांची एक पिशवी आधीच तयार ठेवणे सोयीचे ठरते. बाळ नियोजित दिवसांपूर्वी जन्मल्यास या तयारीचा विशेष उपयोग होतो.

निवडीची तत्त्वे

नवजात बाळाच्या मूलभूत गरजा पाच आहेत: ऊब, दूध, स्वच्छता, झोपण्याची सुरक्षित जागा आणि माणसाचा सहवास. यांपैकी एखादी गरज ज्या वस्तूने भागते ती आवश्यक मानावी, आणि जी वस्तू केवळ पालकांचे श्रम वाचवते ती सोयीची मानावी, अशी विभागणी उपयुक्त ठरते. वस्तूची किंमत आणि तिची सुरक्षितता यांचा थेट संबंध नसतो. महागडी गादी मऊ असल्यामुळे धोकादायक असू शकते, तर चटईवर पसरलेली घट्ट विणीची पातळ गादी बाळासाठी योग्य ठरू शकते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेला घरगुती नवजात बालसेवेचा प्रयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ३९ गावांत राबविलेल्या या प्रयोगात गावातीलच प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाची ऊब, स्तनपान, वजन व जंतुसंसर्गाची लक्षणे यांवर लक्ष ठेवीत. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदविले होते. आरोग्यदूतांची साधने वजनकाटा, तापमापक, बाळाला ऊब देणारी पिशवी, श्वास देण्याचे उपकरण अशी मोजकी होती. २०११ पासून भारत सरकारने आशा स्वयंसेविकांमार्फत घरगुती नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर सुरू केला. त्यानुसार आशा स्वयंसेविका जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक वेळा घरी भेट देते.

झोपण्याची जागा

तान्ही बाळे दिवसाचा बहुतांश काळ झोपलेली असतात. त्यामुळे बाळंतविड्यातील सर्वांत काळजीपूर्वक निवडावयाची गोष्ट म्हणजे झोपण्याची जागा. वरकरणी निरोगी बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचे प्रकार जगभर आढळतात. बाळाला पालथे झोपविल्याने हा धोका वाढतो हे लक्षात आल्यावर अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपविण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. या बदलासाठी कोणतीही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नाही.

अमेरिकन बालरोग अकादमीच्या शिफारशींनुसार बाळाला पाठीवर, सपाट व टणक पृष्ठभागावर झोपवावे. त्याच्याभोवती उशी, जाड पांघरूण, लोड किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. किमान पहिले ६ महिने बाळ पालकांच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र अंथरुणावर असावे. या निकषांवर महाराष्ट्रातील काही प्रचलित वस्तू तपासून पाहणे आवश्यक ठरते. डोक्याला गोल आकार यावा म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशी एक वर्षाखालील बाळासाठी सुरक्षित मानली जात नाही. डोक्याचा आकार एका बाजूने चपटा होऊ नये यासाठी बाळ जागे असताना, मोठ्यांच्या देखरेखीखाली, त्याला काही वेळ पालथे ठेवणे हा अधिक योग्य उपाय आहे.

पाळणा घेताना त्याच्या कड्या, साखळ्या व दोर यांची मजबुती तपासावी. तळ सपाट असावा आणि गादी चौकटीत घट्ट बसणारी असावी. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर भार देऊन उठू लागले की पाळण्याचा वापर थांबवावा लागतो. ही अवस्था बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान येते. झोळीत बाळाची पाठ वाकते व हनुवटी छातीकडे झुकते, त्यामुळे श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. तसेच कापड चेहऱ्यावर येण्याची भीती असते. म्हणून झोळीतील बाळाजवळ सतत कोणीतरी असावे आणि गाढ झोपेसाठी त्याला सपाट अंथरुणावर हलवावे.

कठड्याच्या लाकडी पलंगात दोन गजांमधील अंतर सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, अन्यथा बाळाचे शरीर त्यातून निसटून डोके अडकू शकते. ज्या पलंगाची एक बाजू वरखाली सरकते असे पलंग अपघातांमुळे अमेरिकेत २०११ पासून विक्रीस बंद करण्यात आले. उतरत्या पृष्ठभागाची झोपण्याची साधने आणि कठड्याला आतून बांधावयाचे गुबगुबीत पडदे यांवरही तेथे २०२२ च्या कायद्याने बंदी आली. अशा वस्तू अन्यत्र नव्या किंवा वापरलेल्या स्थितीत मिळत असल्या तरी त्या टाळणे श्रेयस्कर आहे.

बाळासाठी वेगळा पलंग घेणे अनिवार्य नाही. घरात जागा कमी असल्यास जमिनीवर, आईच्या अंथरुणाशेजारी, वेगळी पातळ गादी घालणे पुरेसे होते. महाराष्ट्रातील हवामानात मच्छरदाणी मात्र आवश्यक वस्तूंत मोडते, कारण तान्ह्या बाळांना डास-प्रतिबंधक मलमे वापरण्यावर मर्यादा असतात. मच्छरदाणी ताणून बसविलेली असावी, तिचे कापड बाळाच्या तोंडापर्यंत लोंबू नये.

कपडे व ऊब

नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे त्याची उष्णता लवकर कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. जन्मानंतर बाळाला तत्काळ कोरडे करणे, आईच्या उघड्या छातीवर ठेवणे आणि डोके झाकणे हे ऊब राखण्याचे प्राथमिक उपाय आहेत. जन्मतः वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या बाळांसाठी हीच पद्धत ‘कांगारू मातृसेवा’ या नावाने वापरतात. ती १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली. एक लांब, मऊ कापड एवढेच साधन तिला पुरते.

पहिल्या महिन्यांसाठी ६ ते ८ झबली, ३ टोपडी, ६ दुपटी आणि २ पातळ पांघरुणे पुरेशी होतात. बाळाची वाढ वेगाने होत असल्याने जन्माच्या मापाचे कपडे थोड्याच आठवड्यांत तोकडे पडतात. भेट देणाऱ्यांनी ६ ते १२ महिन्यांच्या मापाचे कपडे दिल्यास ते अधिक उपयोगी पडतात. उन्हाळ्यात अनेक थरांचे किंवा लोकरीचे कपडे घातल्यास बाळ अतिउष्ण होऊन घामोळे येते. मोठ्या माणसाला लागतात त्याहून एक थर अधिक, हा सर्वसाधारण नियम समजला जातो. कपड्यांच्या निवडीत गळ्याभोवतीचे लांब बंद, सैल मणी व टोचणारी जर टाळावी. गळ्यातील काळा दोरा, साखळी व जिवती यांमुळे झोपेत फास बसण्याचा धोका असतो. त्यामुळे बाळलेणी समारंभापुरती घालून नंतर काढून ठेवणे सुरक्षित असते.

दूध पाजण्याची साधने

जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने केवळ आईचे दूध देण्याची शिफारस करते. या काळात वरचे पाणी, मध किंवा घुटी यांची आवश्यकता नसते. स्तनपान सुरळीत असल्यास बाटली, बूच व निर्जंतुकीकरणाचे यंत्र या वस्तू बाळंतविड्यात असण्याचे कारण उरत नाही. काही कारणाने आईचे दूध काढून किंवा वरचे दूध द्यावे लागल्यास वाटी-चमचा वापरणे अधिक योग्य मानले जाते. बाटलीचे बूच व अरुंद कोपरे नीट स्वच्छ न झाल्यास जुलाबाचा संसर्ग होतो, वाटी-चमचा मात्र उकळून सहज स्वच्छ करता येतो. परंपरागत बोंडले वापरायचे झाल्यास त्याची चोच आतून घासून स्वच्छ करता येते की नाही हे पाहावे लागते.

भारतात शिशू दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशू आहार यांसंबंधी १९९२ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि २००३ साली त्यात सुधारणा होऊन तो अधिक कडक झाला. या कायद्यानुसार बाटल्या व दुग्धपर्याय यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. मातेसाठी पाठीला टेकू देणारी खुर्ची किंवा लोड, पाण्याचे भांडे आणि सैल, पुढून उघडणारे कपडे यांचा दूध पाजताना प्रत्यक्ष उपयोग होतो. बाळंतविड्यात मातेच्या गरजेच्या अशा वस्तूंचा समावेश करणे शब्दाच्या मूळ अर्थाशीही सुसंगत आहे.

स्वच्छता व स्नान

पहिल्या आठवड्यानंतर पुरेसे दूध मिळणारे बाळ २४ तासांत किमान ६ वेळा लघवी करते. त्यामुळे कापडी लंगोट वापरणाऱ्या घरात सुमारे २ डझन लंगोट लागतात. कोकण व घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपडे वाळण्यास वेळ लागत असल्याने ही संख्या वाढते. अशा वेळी रात्री व प्रवासात डायपर आणि दिवसा कापडी लंगोट अशी सांगड अनेक कुटुंबे घालतात. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावयाचे असतात. लंगोटाखाली पसरण्यासाठी मेणकापडाचे २ तुकडे पुरतात.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार बाळाची पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालावी. पाटावर बसून पायांवर बाळाला न्हाऊ घालण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र प्रचलित आहे, त्यामुळे बाळासाठी वेगळा टब घेतलाच पाहिजे असे नाही. पाण्याची ऊब कोपराने तपासावी. अंघोळीनंतर बंद खोलीत शेगडीवर धुरी देण्याची जुनी चाल आहे, मात्र धुराने बाळाच्या श्वसनमार्गाला अपाय होतो. टाल्कम पावडरीचे कण श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकतात, तर काही काजळांत शिसे आढळले आहे. म्हणून या दोन्ही वस्तू संचातून वगळण्याचा सल्ला देण्यात येतो. नखे कापण्याची लहान कात्री, मऊ पंचे आणि अंकीय तापमापक या वस्तू मात्र उपयुक्त आहेत.

प्रवासाची साधने

बाबागाडीची उपयुक्तता परिसरावर अवलंबून असते. सलग पदपथ व उद्वाहन असलेल्या वसाहतीत ती सोयीची ठरते. जिने, खडबडीत रस्ते व गर्दी असलेल्या ठिकाणी बाळाला अंगाशी बांधण्याचे कापड अधिक उपयोगी पडते. अशा कापडात बाळाचा चेहरा उघडा व दिसेल असा असावा आणि हनुवटी छातीला टेकलेली नसावी.

मोटारीने नियमित प्रवास करणाऱ्या कुटुंबासाठी बालआसन ही आवश्यक वस्तू आहे. धडकेच्या वेळी मांडीवरील बाळाला हातांनी धरून ठेवणे शक्य होत नाही. तान्ह्या बाळाचे आसन मागील बाकावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस येईल असे बसवितात. हवापिशवी कार्यान्वित असलेल्या पुढच्या बाकावर ते कधीही बसवू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमानुसार दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलासाठी शिरस्त्राण व चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आवश्यक असून वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे.

खेळणी व चालण्याची साधने

पहिल्या काही महिन्यांत बाळाला माणसाचा चेहरा व आवाज यांहून अधिक खेळण्यांची गरज नसते. खुळखुळा व चिमणाळे यांचे सुटे भाग निघणारे नसावेत. चिमणाळे बाळाच्या हाती लागणार नाही इतक्या उंचीवर असावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते, त्यामुळे अशी खेळणी टाळावीत.

मध्ये बसावयाचे आसन असलेला गोल चाकांचा ‘वॉकर’ आणि परंपरागत पांगुळगाडा यांत मूलभूत भेद आहे. पांगुळगाडा स्वतः उभे राहू शकणारे मूल ढकलते. वॉकरमध्ये मात्र उभे राहण्याची क्षमता नसलेल्या बाळाला वेग मिळतो. त्यामुळे ते जिन्यावरून पडणे, चुलीपर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचणे असे अपघात होतात. वॉकरमुळे मूल लवकर चालू लागत नाही. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्री, आयात व जाहिरातीवर बंदी घातली.

वापरलेले साहित्य

नात्यातील किंवा शेजारच्या मुलाचे कपडे, दुपटी, गोधड्या व लाकडी पाळणा पुन्हा वापरण्यास हरकत नसते. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पाळण्याचे सांधे, खिळे व उखडलेला रंग तपासावा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. मोटारीतील बालआसन मात्र पूर्वेतिहास माहीत नसल्यास घेऊ नये. अपघातात सापडलेल्या आसनाची हानी बाहेरून दिसत नाही.

शासकीय संच

बाळंतविड्यासारखा संच शासनाने देण्याचे प्रसिद्ध उदाहरण फिनलंडचे आहे. तेथे १९३८ पासून अल्प उत्पन्न गटातील मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना कपडे व अंथरुणाची पेटी दिली जाते. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याअखेरपूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे ही त्यासाठीची अट असल्याने माता आरोग्यसेवेशी जोडल्या गेल्या. पेटीचा तळ बाळाचे पहिले अंथरूण म्हणूनही वापरता येतो. भारतात तामिळनाडूने २०१५ साली व तेलंगणाने २०१७ साली सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांसाठी असे संच सुरू केले. महाराष्ट्रातही २०१९ साली शासकीय आरोग्य केंद्रांत जन्मलेल्या पहिल्या अपत्यासाठी ‘बेबी केअर किट’ योजना आली.

आवश्यकतेचा क्रम

मर्यादित खर्चात बाळंतविडा जमविताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

- जन्मापूर्वी: धुतलेली झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, मऊ पंचे, मेणकापड व मातेचे पुढून उघडणारे कपडे. मोटारीतून घरी यावयाचे असल्यास बालआसन.
- पहिल्या महिन्यात: टणक व सपाट गादी, मच्छरदाणी, तापमापक, नखांची कात्री. इच्छेनुसार पाळणा.
- गरज दिसल्यावर: बाबागाडी, अंगाशी बांधण्याचे कापड, कठड्याचा पलंग.
- सहाव्या महिन्यानंतर: वाटी-चमचा, लाळेरे, जेवताना बसण्याची स्थिर व पट्टा असलेली खुर्ची.
- टाळावयाच्या वस्तू: वॉकर, बाळाची उशी, उतरते झोपण्याचे साधन, काजळ, टाल्कम पावडर, गळ्यातील दोरा.